दोन चमचे रक्त

"सहभागी व्यक्तीच्या शरीरातून अंदाजे 10 मिली शिरेतील रक्त काढण्यात येईल." गेल्या नऊ वर्षांत हे वाक्य मी किती संमतीपत्रांत खोडलं असेल, त्याचा हिशेब नाही. खोडायचं आणि समासात लाल पेननं लिहायचं: "तुमच्या हातातून साधारण दोन चमचे रक्त घेऊ." पहिल्यांदा लिहिलं तेव्हा समितीतले औषधशास्त्राचे डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, चमचा हे काही माप नाही." मी म्हटलं, "खोकल्याच्या औषधाबरोबर पाच मिलीचा चमचा तुम्हीच देता की." त्यानंतर चमचा राहिला.

हट्ट उगाच नव्हता. एकदा बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसले होते. शेजारची बाई हातातला कागद उलटसुलट करून बघत होती. मला म्हणाली, "ताई, धा म्हंजे धा बाटल्या का वो?" दहा बाटल्या रक्त घेणार या समजुतीनं ती अर्धा तास तिथं बसून होती. उठून गेली नव्हती, कारण डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं.

मी मुंबई महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर एका वैद्यकीय महाविद्यालयातून फोन आला. माणसांवर होणाऱ्या संशोधनाला परवानगी देणारी एक आचारसंहिता समिती असते, तिच्यावर याल का? मी म्हटलं, मला विज्ञानातलं काही कळत नाही. पलीकडच्या सचिव बाई म्हणाल्या, "म्हणूनच विचारतोय." कायद्याप्रमाणे या समितीत डॉक्टर लागतात, वकील लागतो, समाजशास्त्रज्ञ किंवा सामाजिक काम करणारं कुणी लागतं, आणि एक सामान्य माणूस लागतो. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. नव्या औषधाच्या चाचणीचा प्रस्ताव असेल, तर सामान्य माणूस हजर नसताना गणपूर्ती होत नाही. थोडक्यात, बारा विद्वान वड्याच्या बश्या पुढ्यात घेऊन बसले, पण माझी बस लालबागच्या पुलाखाली अडकली, तर सभा सुरू होत नाही. माझ्या नेमणूकपत्रावर माझ्या नावापुढे "सामान्य व्यक्ती" असं छापलेलं आहे. ह्यांनी ते पत्र फ्रेम करून लावायची तयारी दाखवली होती.

कामाचं स्वरूप सांगते. संशोधनाचा प्रस्ताव इंग्रजीत येतो. त्याच्या मागे संमतीपत्र असतं. ते कुठल्यातरी भाषांतर कंपनीत जातं, मराठी होऊन येतं, मग दुसरा कुणी ते परत इंग्रजीत करतो, आणि दोन्ही इंग्रजी जुळले की मराठी बरोबर आहे असं प्रमाणपत्र मिळतं. मधलं मराठी कुणी मोठ्यानं वाचून बघत नाही. ते मी वाचते. "यादृच्छिक पद्धतीने गट निश्चित करण्यात येईल" या वाक्याचे दोन्ही बाजूचे इंग्रजी तंतोतंत जुळतात, पण परळच्या कुठल्याही चाळीत ते वाक्य कुणाला कळणार नाही. मी लिहिते, "तुम्ही कुठल्या गटात जाल ते चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत." यावर एक तरुण डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी नाही टाकत, कॉम्प्युटर करतो. मग कॉम्प्युटर चिठ्ठी टाकतो असं लिहा, म्हटलं. "सहभाग ऐच्छिक आहे" यातही गंमत आहे. आमच्या शाळेतल्या मुलांना ऐच्छिक म्हणजे ज्याचे मार्क धरत नाहीत तो विषय, एवढंच ठाऊक असतं.

आणि विषयावरून आठवलं. एका संमतीपत्रात सगळीकडे असं होतं: "विषयाने उपाशीपोटी यावे", "विषयाला प्रवासखर्च देण्यात येईल", आणि पान पाचवर, "विषयाचा मृत्यू झाल्यास". सभेत हसू आवरेना. हा विषय म्हणजे इंग्रजीतला सब्जेक्ट. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो सब्जेक्ट. आता "सहभागी" म्हणतात, हे चांगलंच आहे. पण घरी आल्यावर माझ्या डोक्यात आलं, इंग्रजीत राणीच्या प्रजेलाही सब्जेक्टच म्हणतात. एके काळी आमच्या परळ-भायखळ्यात हे दोन्ही सब्जेक्ट म्हणजे एकच माणूस होता.

आमचं घर परळला. आचार्य दोंदे मार्गानं चालत गेलं की हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी दगडी इमारत लागते. ती पूर्वी गव्हर्नरची कोठी होती. सासूबाई कुठल्याही इंजेक्शनला "हापकीनची सुई" म्हणायच्या, मग ते धनुर्वाताचं असो की शक्तीचं. हा हाफकिन कोण, ते त्यांना माहीत नव्हतं आणि लग्न होऊन आले तेव्हा मलाही नव्हतं. समितीवर आल्यावर पुस्तकं वाचायला लागले, तेव्हा कळलं.

वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसात जन्मलेला ज्यू. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत त्यानं पटकीची लस तयार केली आणि 1893 मध्ये ती घेऊन तो हिंदुस्थानात आला. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरांना गाठीच्या तापाचे रोगी दिसले आणि मुंबईत प्लेग आल्याचं उघड झालं. सरकारनं हाफकिनला कलकत्त्याहून बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक खोली आणि व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्यानं लस तयार केली. 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, तीही 10 घनसेंटिमीटर, म्हणजे माझ्या हिशेबानं दोन चमचे. पुढे लोकांना जेवढी दिली जायची त्याच्या कितीतरी पट. ताप चढला, अंग दुखलं, आणि तो जगला.

मग लस माणसांवर तपासायची होती. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. 30 जानेवारीला हाफकिन तिथं गेला. कैद्यांना विचारलं, कोण तयार आहे? साधारण निम्मे, म्हणजे दीडशेच्या आसपास कैदी तयार झाले. उरलेल्यांना टोचलं नाही. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि 6 मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि मेला कुणीच नाही. मुंबईत आणि मुंबईबाहेर लोक लस घ्यायला लागले, त्यामागे हे आकडे होते. आगाखान तिसरे यांनी स्वतः टोचून घेतलं, खोजा समाजात हजारोंनी घेतलं.

पुस्तकांत या कैद्यांना "स्वयंसेवक" म्हटलेलं आहे. मी या शब्दापाशी बराच वेळ थांबले. तुरुंग, प्लेग, समोर साहेब, त्याच्याबरोबर तुरुंगाचा अधिकारी, आणि प्रश्न: कोण तयार आहे? हात वर करणाऱ्याच्या मनात काय असेल? प्लेगची भीती असेल. साहेबाची मर्जी असेल. किंवा खरोखरच त्याला पटलं असेल, कारण हाफकिननं आधी स्वतःला टोचून घेतलंय ही बातमी तोवर शहरभर झालेली होती, आणि तो माणूस गोड बोलायचा, असं त्याच्या ओळखीच्यांनी लिहून ठेवलंय. कैदी खुळा नसतो. पण आज कुणी असा प्रस्ताव आमच्यासमोर आणला तर आमच्या वकील बाई पहिल्याच मिनिटाला म्हणतील, कैदी हा असुरक्षित गट आहे, त्याच्या होकाराला होकार कसं मानायचं ते आधी सांगा. विद्यार्थ्यांबद्दलही त्या हेच म्हणतात. एका प्राध्यापकांनी स्वतःच्याच वर्गातल्या मुलांवर मानसिक ताणाचा अभ्यास मांडला होता. वर्गातल्या एकूण एक मुलांनी सही केलेली होती. "शंभर टक्के प्रतिसाद," ते अभिमानानं म्हणाले. वकील बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "सर, परीक्षेचे पेपर कोण तपासतं?"

पण हाफकिनबद्दल मला राग नाही, हे सांगून टाकते. त्या काळात बाकी काय चाललं होतं ते बघा. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसून माणसं तपासत होते, सामान बाहेर काढून जाळत होते. 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागे हाच संताप होता. त्याच महिन्यांत, त्याच राज्यात, लस मात्र सक्तीची केली गेली नाही. टोचणाऱ्यानं विचारायचं आणि टोचून घेणाऱ्यानं हो म्हणायचं, ही रीत पाळली गेली. निर्मळ मात्र तीही नव्हती. लस घेतल्याचा दाखला दाखवला की विलगीकरणाच्या जाचातून सवलत मिळायची. छावणीत डांबणारं सरकार आणि छावणी टाळण्याचा दाखला देणारं सरकार एकच. आमच्या समितीच्या भाषेत याला गैरवाजवी प्रलोभन म्हणतात. आमच्याकडे चहापाण्याचे पाचशे जास्त की तीनशे पुरे यावर अर्धा तास वाद होतो.

1898 मध्ये हाफकिन बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावी गेला. तिथं त्यानं जे केलं ते संशोधन म्हणून फार हुशारीचं होतं. घराघरांतल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं, निम्म्यांना नाही. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसं, म्हणजे फरक पडला तर तो लसीचाच. ज्या घरांत प्लेग आला तिथं न टोचलेल्यांत 26 मृत्यू झाले, टोचलेल्यांत 3. आकडे वाचले की लसीचा जयजयकार करावासा वाटतो. मी मात्र नऊ वर्षांच्या खोडीनं विचारते: कुणाला टोचायचं हे घरात कुणी ठरवलं? सुईला भिणाऱ्या म्हातारीला मागे ठेवलं, की सुनेला पुढे केलं? टोचलेल्या मुलाचा बाप आणि न टोचलेल्या मुलाचा बाप एकच असेल, तर त्यानं पुढं आयुष्यभर स्वतःला काय सांगितलं? हे प्रश्न अहवालात बसत नाहीत. उंधेऱ्यात ते विचारणारं कुणी नव्हतं, कारण विचारणाऱ्याची खुर्चीच तेव्हा तयार झालेली नव्हती.

आणि मग मुल्कोवाल. 1899 मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या कोठीत आली होती. लाखांनी डोस बाहेर पडत होते. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना टोचलं. त्यातली 19 माणसं धनुर्वातानं मेली. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, बाटली क्रमांक 53 एन. बाटली परळची. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिननं लस निर्जंतुक करताना कार्बोलिक ॲसिड वगळून नुसती उष्णता वापरायला सुरुवात केली होती, त्यावर बोट ठेवलं गेलं. चौकशी समिती बसली, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स तिच्यावर होते. हाफकिनला कामावरून दूर केलं. नंतर बाहेर आलं की त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो जंतुनाशकात नुसता बुचकळून त्यानंच बूच काढलं गेलं होतं. रोनाल्ड रॉससारख्या नामवंतांनी जाहीरपणे बाजू घेतली आणि 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. पण परळला तो परतला नाही. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्याच्या हयातीतच, 1925 मध्ये, प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं, एवढं मात्र झालं.

मुल्कोवालचं प्रकरण मी तीन-चार ठिकाणी वाचलं. सगळीकडे ते हाफकिनवरच्या अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितलेलं आहे. अन्याय झालाच. पण बाटलीचा नंबर माहीत आहे, न्यायाधीशाचं नाव माहीत आहे, आणि त्या 19 जणांपैकी एकाचंही नाव मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नाही. आज आमच्याकडे चाचणीत कुणी दगावलं तर चोवीस तासांत कळवावं लागतं, कारण शोधावं लागतं, आणि मागे राहिलेल्यांना किती पैसे द्यायचे ते सूत्रानं ठरतं. मुल्कोवालच्या घरच्यांना काय मिळालं, ते कुठं लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

अशा गोष्टी एकट्या मुंबईच्या नाहीत. 1906 मध्ये मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात अमेरिकन डॉक्टरांनी 24 कैद्यांना पटकीची लस टोचली, तिच्यात प्लेगचे जंतू मिसळले गेले होते, 13 मेले. चाळीस वर्षांनी न्यूरेम्बर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या वकिलांनी हेच दाखले काढले: तुम्ही तरी तुरुंगात काय करत होता? उत्तर अवघड होतं. 1947 च्या निकालात न्यायाधीशांनी दहा नियम लिहिले, पहिला नियम स्वखुशीच्या संमतीचा. ते नियम अमेरिकन डॉक्टरांनी वाचले आणि बहुतेकांनी रानटी लोकांसाठीचे म्हणून बाजूला ठेवले. अलाबामात टस्कीगीला 1932 पासून 399 काळ्या माणसांचा उपदंश उपचाराविना नुसता बघत राहण्याचा सरकारी अभ्यास चालूच होता. पेनिसिलिन आल्यावरही चालू राहिला. 1972 मध्ये वर्तमानपत्रात फुटला तेव्हा थांबला.

संमती घेऊन भागत नाही, हे लोकांच्या हळूहळू लक्षात आलं. विचारणारा एक आणि उत्तर देणारा एक, दोघंच खोलीत असले की विचारणाऱ्याचं पारडं जड असतं. तिसरं कुणीतरी हवं, ज्याला संशोधनातून ना पदवी मिळणार ना औषध. 1975 मध्ये टोकियोला माणसांवरच्या संशोधनाच्या नियमांचा, म्हणजे हेलसिंकीचा जाहीरनामा दुरुस्त झाला, त्यात ही तिसरी खुर्ची आली: प्रस्ताव आधी स्वतंत्र समितीपुढे ठेवा. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 1980 साली पहिलं धोरण काढलं. ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. आणीबाणीत सरकार माणसाला विनाचौकशी आत टाकू शकतं की नाही, या खटल्यात पाच न्यायाधीशांपैकी एकट्यानं विरुद्ध मत दिलं आणि सरन्यायाधीशपद गमावलं, तेच हे खन्ना. प्रजेच्या आणि प्रयोगाच्या सब्जेक्टची गाठ इथं पुन्हा पडते. मुद्दाम घातली होती की योगायोग, ते सोडून देऊ.

पण त्याच परिषदेच्या दिल्लीच्या संस्थेत 1976 पासून एक अभ्यास चालू होता. गर्भाशयाच्या मुखावर कर्करोगाआधीचे बदल झालेल्या 1158 बायका. बदल पुढे कसे वाढतात ते बघायचं, उपचार न करता. अभ्यास 1988 पर्यंत चालला, म्हणजे धोरण छापून झाल्यावर आठ वर्षं. 71 जणींना कर्करोग झाला. नऊ जणींचा आजार उपचाराआधीच खोलवर पसरला होता. 1997 मध्ये हे बाहेर आलं, तेव्हा खुलासा असा झाला की बायका निरक्षर होत्या, म्हणून लेखी संमती घेतली नाही, तोंडी घेतली.

निरक्षर होत्या म्हणून. हे वाक्य मी मराठीच्या बाईच्या कानांनी ऐकते. जिला वाचता येत नाही तिला सांगायला जास्त वेळ लागतो, एवढाच खरं तर त्याचा अर्थ. वेळ नव्हता.

दुसरा प्रसंग आमच्या बाजूचा आहे. माझं माहेर बार्शीचं. 1999 पासून बार्शीचं कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्सच्या लियाँची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत सव्वा लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला. गावांचे चार गट केले, चिठ्ठी टाकूनच. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तीन वेगळ्या प्रकारची तपासणी, आणि चौथ्या गटातल्या 31,488 बायकांना आरोग्याची माहिती, तपासणी नाही. 2009 मध्ये निकाल छापला. विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगानं 34 मृत्यू, बिनतपासणीच्या गटात 64. एका तपासणीनं मरण जवळपास निम्म्यानं टळतं, हे जगाला उस्मानाबादच्या बायकांनी दाखवून दिलं. मग टीका सुरू झाली: तपासणीचा उपयोग होतो हे माहीत असताना चौथा गट ठेवलाच का? संशोधकांचं उत्तर असं की त्या जिल्ह्यात कुणाचीच तपासणी होत नव्हती, म्हणजे चौथ्या गटाकडून काही काढून घेतलेलं नाही. या वादात मी दोन्हीकडच्या माणसांशी भांडलेय. गावात काहीच नव्हतं हे मला माहेरामुळं ठाऊक आहे, आणि अभ्यासानंतर निदान ते जगाच्या कानावर गेलं. पण "तिथं काहीच मिळत नाही" हे कारण धरून चाललं, तर चौथा गट दरवेळी उस्मानाबादलाच सापडणार, लियाँला कधीच नाही. माझं मत विचाराल तर मी त्या प्रस्तावावर सही करण्याआधी अभ्यास संपल्यावर चौथ्या गटाला तपासणी कधी आणि कोण देणार, त्याची तारीख मागितली असती.

वैद्यकाचं एवढं झालं. विद्यापीठांतलं समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांच्याकडे मात्र पुष्कळ वर्षं कुणी बघतच नव्हतं. प्रश्नावलीनं कुणाचं काय बिघडतं, असा समज. त्यावर आधी आवाज उठला तो मुंबईतून. सेहत या संस्थेनं पुढाकार घेतला आणि 2000 साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतिनियम तयार झाले. आता आमच्याकडेही असे प्रस्ताव येतात. डॉक्टर मंडळी ते पटापट उलटतात, सुई नाही, रक्त नाही, पुढे चला. मीही तसंच केलं एकदा, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल.

एक मुलगी पीएचडी करत होती. घरकाम करणाऱ्या बायकांना घरात होणारी मारहाण हा विषय. पोर हुशार, प्रश्न जपून लिहिलेले. मी संमतीपत्राचं मराठी तपासलं आणि मला अभिमान वाटला इतकं ते सोपं झालं होतं. सातवी शिकलेल्या कुणालाही अडखळणार नाही असं. वर ठळक अक्षरात शीर्षक: "नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बायकांचा अभ्यास". आधी "कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिला" होतं, ते मी बदललं. आणि नियमाप्रमाणे संमतीपत्राची एक प्रत सहभागी व्यक्तीकडे द्यायची असते. मुलीनं नियम पाळला. एकीनं प्रत घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवली. डबा सासूनं उचलला. सासूला वाचता येत नव्हतं, नातवाला येत होतं, माझ्यासारख्याच कुठल्या तरी बाईनं शिकवलेलं असणार. त्यानं घडाघडा वाचून दाखवलं.

त्या संध्याकाळी काय झालं ते मुलीला दुसऱ्या बाईकडून चार दिवसांनी कळलं. ती समितीपुढे आली तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मी सगळं नियमानं केलं होतं." खरंच केलं होतं. कुणी तिला दोष दिला नाही. मला तर कुणी काहीच म्हटलं नाही, कारण शीर्षक मी बदललं होतं हे सभेच्या इतिवृत्तात नव्हतं. मीच सांगितलं. "यादृच्छिक" म्हटलं असतं तर त्या पोराला वाचता आलं नसतं, असंही माझ्या मनात आलं, आणि लाज वाटली.

अशा अभ्यासांत बाईच्या घरात जाणाऱ्या कागदावर खरं शीर्षक घालायचं नसतं, बायकांचं आरोग्य असं काहीतरी मोघम म्हणायचं असतं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्येच लिहून ठेवलेलं आहे. बाईला तोंडानं सगळं खरं सांगायचं, कागद बोलका ठेवायचा नाही. लेखीऐवजी तोंडी संमतीची सोयही आपल्या नियमांत आहे. दिल्लीच्या त्या अभ्यासाला याच तोंडी संमतीवरून मी नावं ठेवत आलेय. आता स्वतःच तिच्या बाजूनं सभेत बोलले. औषधशास्त्राचे डॉक्टर म्हणाले, "बाई, कागद नसला तर आपण तपासायचं काय?" मी म्हटलं, ती मुलगी बायकांना काय सांगणार ते इथं आपल्यासमोर बोलून दाखवेल. आम्ही बारा जण ऐकतो.

तिनं बोलून दाखवलं. सव्वा अकरा मिनिटं लागली. वकील बाईंनी तीनदा अडवलं, मी दोनदा. मग इतिवृत्तात लिहिलं गेलं: शीर्षक बदलून "घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे आरोग्य" करावे, संमती तोंडी घ्यावी, प्रत घरी देऊ नये, आधी दिलेल्या सर्व प्रती सहभागी स्त्रियांच्या संमतीने परत घ्याव्यात, मुलाखत घरात घेऊ नये. त्या पहिल्या बाईकडे कुणी जायचं यावर चर्चा झाली. मुलगी म्हणाली, मी जाते. आमच्या समितीतल्या सामाजिक काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, एकटी नाही. शनिवारी दुपारी दोघी गेल्या. बाईनं दार उघडलं, ओळख दाखवली नाही, "आमच्याकडं कामाला बाई नको" म्हणाली, आणि दार लावून घेतलं. दाराशी बसलेल्या सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पुढच्या सभेत ताईंनी हे जसंच्या तसं सांगितलं. सचिव बाईंनी विचारलं, "काय लिहू?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी म्हटलं, "लिहा, सहभागी स्त्रीने माघार घेतली."